बोट कोणाकडे?

वाचन: योहान १:२९



जर्मनीतील विटेनबर्गच्या मंदिरात वेदीच्या तळाशी लुकास क्रानाखचे १५४७ सालचे चित्र आहे. एका बाजूस व्यासपीठावर मार्टिन लूथर. त्यांचा एक हात पवित्र शास्त्रावर, दुसरा समोर रोखलेला. दुसऱ्या बाजूस मंडळी, बायकामुलांसह. आणि मधोमध वधस्तंभावरील ख्रिस्त! लूथरांचे बोट त्याच्याकडे आहे.

या उपदेशकाला दुःख ठाऊक होते. १५२७ साली प्लेग आला तेव्हा त्यांनी गाव सोडले नाही. १५४२ साली तेरा वर्षांची लेक माग्दालेना वारली, तेव्हा ते रडले.

आम्हीही शोकाच्या घरी जातो. एका तरुण विधवा बहिणीला आम्ही सांगत होतो, "धीर धरा, विश्वास वाढवा." ती म्हणाली, "भाऊ, विश्वास आणू कुठून?" आम्ही निरुत्तर झालो. आमचे बोट तिच्याकडेच रोखलेले होते!

विश्वास हा अंतःकरणातून उपसून काढायचा नसतो, ख्रिस्ताविषयी ऐकल्याने तो येतो (रोम. १०:१७). मग आम्ही योहानाचा अकरावा अध्याय उघडला. लाजाराच्या कबरेकडे जाताना प्रभू रडला, तो भाग वाचला. तिचे अश्रू थांबले नाहीत, पण ती म्हणाली, "पुन्हा वाचा."

प्रियजनहो, आपले दुःख सरण्याची वाट न पाहता प्रभू त्यात उतरला आहे. त्याच्याकडे पाहू या, आणि दुसऱ्यालाही तोच दाखवू या. पुढचे पाऊल तो दाखवील. आमेन.