तीर्थाच्या पोटचे जीव

गेल्या कार्तिकीला आळंदीस इंद्रायणीच्या घाटावर घडलेली गोष्ट. पहाटेची वेळ, थंडी मी म्हणत होती. पात्रावर पांढरा फेस तरंगत होता, पिंजलेल्या कापसासारखा. आमच्या दिंडीतील सत्तरी ओलांडलेल्या एक आजी पायरीवर बसल्या, हाताने फेस बाजूला सारला आणि ओंजळभर पाणी त्यांनी तोंडाला लावले. शेजारी दिंडीतलेच एक मास्तर उभे होते. ते शाळेत जीवशास्त्र शिकवितात. त्यांच्याने राहवेना. ते म्हणाले, "माउली, डोळ्यांना लावा, अंगावर शिंपडा, पण पिऊ नका हो हे." आजी म्हणाल्या, "मास्तर, आईचं दूध कुनी हुंगून पितं का?"

मास्तर गप्प झाले. आमच्यात एक जुने कीर्तनकार बुवा आहेत, त्यांनी लगेच निकाल दिला. तीर्थ जगाचा विटाळ घालविते, त्याला कोठला विटाळ? सर्वांनी माना डोलविल्या, आम्हीही डोलविली. पण खरे सांगायचे तर आम्ही स्वतः ते पाणी प्यालो नव्हतो. नुसते डोळ्यांना लावले होते. मान एक सांगत होती आणि हात दुसरेच करीत होता. ही बोच मनात राहिली, आणि आजचा हा लेख त्या बोचेपायीच लिहिला जात आहे.

पुढे मार्गशीर्षात मास्तरांबरोबर भीमाशंकरास जाण्याचा योग आला. आपली चंद्रभागा ती हीच भीमा. पंढरपुरास ती चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तिथले नाव चंद्रभागा. दर्शन झाल्यावर मास्तरांनी आम्हांला एका ओढ्यावर नेले. पाणी गुडघाभर, तळ स्वच्छ दिसणारा. त्यांनी धोतराचा काचा मारला, पाण्यातला एक गुळगुळीत धोंडा उचलला आणि उलटा करून आमच्यापुढे धरला. "पाहा, म्हणजे कळेल नदी कोणाच्या जिवावर चालते," असे ते म्हणाले.

आम्ही आधी नुसता ओला दगड पाहिला. मग त्यावर काहीतरी हलले. तांदळाच्या दाण्याएवढा एक चपटा किडा, मागे केसासारख्या तीन शेपट्या, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले, सारखे फडफडणारे. इंग्रजीत याला मेफ्लाय म्हणतात. हा महिनोन्‌महिने पाण्यात काढतो. मग एके दिवशी वर येतो, पंख फुटतात, आणि त्यानंतर त्याचे आयुष्य काही तासांचे, फार तर एकदोन दिवसांचे. पंख आल्यावर त्याला खाण्याजोगे तोंडच राहत नाही. म्हणजे उरलेले सगळे आयुष्य निर्जळी एकादशीच! त्याच दगडाला वाळूच्या कणांची एक बारीक नळी चिकटलेली होती. आम्हांला ती माती वाटली. ते एका अळीचे घर होते. कॅडिस माशीची ही अळी तोंडातून रेशमासारखा धागा काढते आणि एकेक कण त्याने जोडून आपल्यापुरती खोली बांधते. तिच्या जातभाईंपैकी काही जण वाहत्या पाण्यात जाळे लावून बसतात आणि वाहत येईल ते गाळून खातात. कडेच्या गाळात चतुराचे पिल्लू होते, ओबडधोबड, मातकट. लाल-पिवळ्या पंखांचा जो चतुर आपण बांधावर पाहतो त्याचे बालपण असे पाण्याखाली जाते, हे साठी उलटली तरी आम्हांला ठाऊक नव्हते. डोहावर लांब पायांच्या पाणनिवळ्या पाण्यात न बुडता सरासर पळत होत्या. त्या तेवढ्या ओळखीच्या. लहानपणी ओढ्यावर त्यांच्यामागे आम्ही पुष्कळ धावलो आहोत.

पाहून झाल्यावर मास्तरांनी तो धोंडा होता तसाच, होता तिथेच पालथा ठेवला. "घर आहे ते," म्हणाले.

आम्ही विचारले, याला मराठीत काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. चतुर, टाचणी, पाणनिवळी एवढी नावे निघाली. मेफ्लायला आणि त्या घर बांधणाऱ्या अळीला आमच्या ऐकण्यात नाव नाही, मास्तरांच्याही नाही. नामाचा एवढा महिमा गाणारे आपण, आणि ज्या नदीत जन्मभर स्नान केले तिच्या लेकरांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आणि अशी लेकरे थोडीथोडकी नव्हेत. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही गोड्या पाण्याखाली नाही. तरी 2008 साली शास्त्रज्ञांनी मोजदाद केली तेव्हा गोड्या पाण्यातील प्राण्यांच्या सुमारे 1,26,000 जाती ठाऊक होत्या, आणि त्यांतील सुमारे 76,000 जाती किड्यांच्याच होत्या.

हे जीव तिथे करतात काय? तर नदीची पंगत त्यांच्यावर चालते. काठावरच्या झाडाचे पान पाण्यात पडते, बुरशीने मऊ होते. मग एक जण ते कुरतडतो. त्याचा उरलेला चुरा दुसरा गाळून खातो. दगडावरचे शेवाळ तिसरा खरवडतो. या तिघांना चतुराचे पिल्लू खाते, त्याला मासा. पंख फुटून जे वर येतात ते भिंगरीच्या, वटवाघळाच्या मुखी जातात. घाण कुजवून पाणी निवळण्याचे मोठे काम डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जंतूंचे असते हे खरे, पण हे किडे त्या कामात बरोबरीने राबतात. तेव्हा नदी आपली आपण शुद्ध होते असे जे आपण म्हणतो, तिथे 'आपली आपण' म्हणजे ही सगळी मंडळी. तीर्थाचे तीर्थपण पाण्यापुरते तरी यांच्या सेवेने टिकते.

आता गावाचे सांडपाणी आले म्हणजे काय होते ते पाहा. घाण थोडी असेल तर ती पचते. फार झाली की ती कुजविणारे जंतू बेसुमार वाढतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू तेच ओढून घेतात. स्नानाच्या पाण्यात दर लिटरला निदान 5 मिलिग्रॅम प्राणवायू असावा असा आपल्याकडे नियम आहे. तो घटला की कल्ल्यांनी श्वास घेणारे आधी गुदमरतात. प्रथम मेफ्लायसारखे नाजूक जीव जातात, मग एकेक करून बाकीचे. शेवटी गाळात उरतात बारीक लाल अळ्या. आपले रक्त लाल करणारे द्रव्य त्यांच्याही अंगात असते, त्यामुळे नावापुरत्या प्राणवायूवर त्या तग धरतात. जर्मनीतल्या कोल्कविट्स आणि मार्सन या दोघा शास्त्रज्ञांनी 1908-09 च्या सुमारास यावरूनच ठरविले की, पाण्यात कोण राहतो ते पाहून पाण्याची प्रकृती सांगता येते. पुढे इंग्लंडात जीवांना 1 ते 10 गुण देण्याची रीत निघाली आणि आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही त्याच धर्तीवर परीक्षा बसविली. वैद्य नाडी पाहतो, तसा हा प्रकार. त्या मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशभरातील नद्यांचे 311 पट्टे दूषित म्हणून नोंदले गेले. त्यांतील 55 महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. संतांची भूमी म्हणून छाती फुगविणाऱ्या आम्हांला हा आकडा वाचून मान खाली घालावी लागली.

इथे प्रश्न उभा राहतो, आणि तो शास्त्राचा नाही, धर्माचा आहे. आपण गळ्यात माळ घातली तेव्हा जीवहत्या सोडली. भूतदया हा आपल्या संप्रदायाचा प्राण. पण आपली दया डोळ्यांना जे दिसते त्याच्याशीच थांबते की काय? नाथमहाराजांनी रामेश्वरास निघालेली कावड तहानेल्या गाढवाच्या मुखात रिती केली ही कथा कोणास ठाऊक नाही? नाथांना गाढव तडफडताना दिसले. आम्हांला कल्ले मिटणारा किडा दिसत नाही. न दिसलेल्या जिवाचा घात आपल्या पदरी पडतो का?

आम्ही बुवांना हे विचारले. बुवा विचारी आहेत, त्यांनी उडवून लावले नाही. म्हणाले, नांगराच्या फाळाखाली किती किडे मरतात, म्हणून शेतकरी पापी का? पाप हेतूत असते. हे आम्हांला पटते. अजाणतेपणी घडले ते घडले. पण बुवा, धोंडा उलटून पाहिला की अजाणपण संपते! त्यानंतर नदीत साबणाची वडी फिरविणारा हात तोच असला तरी माणूस तो राहिला नाही. साबणाने पाण्याचा ताण मोडतो. ज्या ताणावर पाणनिवळी पळते तोच मोडला म्हणजे ती बुडते. हे कळल्यावर "आमचा हेतू नव्हता" असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

दुसरे उत्तर दिंडीत आम्ही हजारदा ऐकले: माझ्या एकट्याच्या साबणाने काय होणार? अहो, काला कसा होतो? कोणी मूठभर लाह्या आणतो, कोणी दही, कोणी लोणच्याची फोड. एकदा कालवले की कोणाचे काय ते निवडता येत नाही, आणि तरी प्रत्येकाचे त्यात असतेच. इंद्रायणीवरचा तो फेसही तसाच.

एक तरुण टाळकरी थट्टेने म्हणाला, "मग डासपण मारू नका म्हणाल!" त्याला मास्तरांनी चांगले सांगितले. घरात डास उपद्रव देणारा, त्याचा बंदोबस्त करावाच. पण हत्तीपायाचा रोग पसरविणारा डास वाढतो तो तुंबलेल्या घाण पाण्यात. त्याच्या अळ्या खाणारी चतुराची पिल्ले आणि मासे आपण आधी मारतो आणि मग डासांच्या नावाने ओरडतो.

चतुरावरून आठवले. आषाढात पालखीबरोबर चालताना पाऊस उघडला की पिवळसर चतुरांचे थवे डोक्यावरून जातात. चार्ल्स अँडरसन नावाच्या एका प्राणिशास्त्रज्ञाने मालदीव बेटांवर राहून यांचा माग काढला आणि 2009 साली लिहिले की, हे चतुर हिंदुस्थानातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, पावसाच्या डबक्यांत अंडी घालतात, आणि त्यांची पुढची पिढी पावसाच्या वाऱ्याबरोबर इकडे परतते. जो निघतो तो घरी येत नाही, त्याची नातवंडे-पतवंडे येतात. वारी चुकू न देणारे आपणच एकटे नाही हे वाचून आम्हांला काय आनंद झाला म्हणून सांगू!

साबणावरच सगळे खापर फोडावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत उतरते, उजनीच्या धरणात साठते आणि तेच पुढे चंद्रभागा होऊन आपल्यापुढे येते. त्यात वाळूचा उपसा. नदीचा तळ खरवडून नेला की त्या जिवांचे घरदारच गाडीत भरून गेले. वारकऱ्याचा वाटा यापुढे पासंगालाही पुरणार नाही. सरकारने, पालिकांनी, कारखानदारांनी आपापले काम करावे, आणि ते करून घेण्यासाठी आपण तोंड उघडावे. मोर्चाला टाळ-मृदंग वर्ज्य नाहीत. पण आपला वाटा लहान म्हणून तो आपला नव्हे असे होत नाही.

राहिला बुवांचा निकाल, तीर्थ विटाळत नाही. आम्ही त्यावर फार दिवस विचार केला. तीर्थाची थोरवी पाण्याच्या परीक्षेवर अवलंबून नाही हे आम्ही मानतो. आई तापाने फणफणली तरी आईच असते. पण म्हणून तिच्या पायावर डोके ठेवून, तिला अंथरुणावर तशीच टाकून आपण पुढच्या मुक्कामाला निघायचे काय? बुवांना हा प्रश्न आम्ही केला, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कीर्तनात घेतो." आणि त्यांनी वाल्ह्याच्या मुक्कामी खरोखरच घेतला.

यंदाच्या आषाढीत आमच्या दिंडीने एवढेच केले. धुणे-अंघोळीचा साबण नदीच्या पाण्यात न्यायचा नाही. बादलीने पाणी काठापासून दूर आणायचे आणि सांडलेले मातीत मुरवायचे. निर्माल्य पात्रात सोडायचे नाही. फार कठीण गेले. टँकरची वाट पाहून काही माणसे चिडली, दोघे तर दुसऱ्या दिंडीत गेले. निर्माल्याची पिशवी वाहायला कोणी तयार होईना, ती शेवटी मास्तरांच्याच खांद्यावर गेली.

पंढरपुरास पोहोचलो तेव्हा चंद्रभागा दुथडी भरून चालली होती, मातकट, वेगवान. आजी वाळवंटाच्या कडेला पाण्यात उभ्या राहिल्या. मास्तरांना म्हणाल्या, "तुमचे ते घरं बांधनारे किडे हितं हायेत का?" मास्तर म्हणाले, "आता काय दिसणार, माउली? पाणी गढूळ आहे. पूर ओसरल्यावर पाहू."

"कार्तिकीला बघू मग," असे म्हणून आजींनी ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. आम्ही याही वेळी डोळ्यांनाच लावली.