जीव वाचविल्यानंतरचें कर्तव्य

अमरावतीकरांस व्यायामाचें महत्त्व सांगावयास नको. १९१४ सालीं स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळें या नगरीचें नांव दूरवर गेलें. परंतु दोन महिने आधीं जन्मलेल्या अर्भकासहि व्यायाम असतो, असें म्हटलें कीं अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांतूनहि हंसूं उमटतें.

सदतीस आठवडे भरण्यापूर्वीं जन्मलेलें मूल गर्भाशयांतील शेवटच्या शिक्षणास मुकतें. तेथें जागा अपुरी. म्हणून हातपाय दुमडलेले राहतात व प्रत्येक लाथेस प्रतिकार मिळतो. बाहेर तें अंथरुणावर सैल पसरतें. म्हणून कापडाच्या गुंडाळीनें भोंवतीं कूस रचावयाची, हात छातीशीं आणावयाचे, जागेपणीं आईच्या उरावर पालथें ठेवून मान उचलूं द्यावयाची. एवढाच हा व्यायाम. आजीच्या पायांवर न्हालेल्या पिढीस तो समजण्यास कठीण नाहीं.

कठीण आहे तो त्यामागील नैतिक प्रश्न. आखाड्यांत श्रम केले कीं बळ येतें. येथें तसा करार नाहीं. अशा उपचारानें पहिल्या कांहीं वर्षांत बुद्धीच्या वाढीस हातभार लागतो, चालण्या-हालण्यास थोडाच. आणि शाळेच्या वयापर्यंत तो लाभ टिकतो असें संशोधनानें निश्चित दाखविलेलें नाहीं. मग आईस काय सांगावें? "मूल खचित धांवेल" असें सांगणें हें असत्य. आणि पुढें तें धांवलें नाहीं, तर तेंच आश्वासन आरोप होऊन तिच्यावर उलटतें. "तूंच नीट केलें नसशील" हें वाक्य घरोघरीं तयार असतें.

आमच्या मतें श्रम हें कर्तव्य आहे. पण फळाचा हिशेब आईच्या खातीं मांडण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. शिवाय ज्या समाजानें काचेच्या पेटींत तो जीव राखला, त्यानें पुढील श्रमहि वांटून घेतले पाहिजेत. २०१३ सालच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानें जिल्ह्याच्या ठिकाणीं शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना केली, हें योग्यच. परंतु धारणीच्या मजूर आईस अमरावतीची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवच्या स्त्रियांस शिकवून नवजातांची शुश्रूषा घरोघरीं नेली. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत मृत्यु घटल्याचें दिसलें. जीव राखण्याची विद्या झोपडीपर्यंत जाऊं शकते, तर अंग सांवरण्याची विद्या मेळघाटाच्या पायथ्याशीं कां थांबावी?

आणि आपण शेजाऱ्यांनीं? दहा आठवडे आधीं आलेलें मूल सहा महिन्यांचें झालें, तरी त्यास चार महिन्यांच्या मुलाशींहि तोलूं नये. तें त्याहून किंचित् लहानच. "अजून बसत नाहीं का?" हा प्रश्न तोंडाशीं येतांच आवरावा. आपल्या वांट्याचा व्यायाम तोच.