समक्ष

पिपलानीतील बहुतेक मराठी घरांची मुळे दुसरीकडे आहेत. भेलच्या कारखान्याच्या निमित्ताने साठच्या दशकात आलेली माणसे इथेच रुजली. घरे झाली, नातवंडे झाली. परंतु गावाकडे एखादा पडका वाडा, चार-सहा एकर जमीन आणि तिच्यापायी उभा राहिलेला एखादा दावा मागे उरलाच. आमच्या शेजारच्या नानांचा असाच एक वाटणीचा दावा विदर्भातील एका तालुक्याच्या न्यायालयात पुष्कळ वर्षे चालला. प्रतिवादी त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. पेशी आली की नाना रात्रीच्या गाडीने नागपूर गाठत, तिथून एस.टी.ने तालुक्याला जात, आणि बहुधा पुढची तारीख घेऊन परतत. भावाशी बोलणे बंद होते. तरी न्यायालयाबाहेरच्या एकाच टपरीवर दोघे पाठ फिरवून चहा घेत. एका हिवाळ्यात नानांना खोकल्याची उबळ आली, तेव्हा धाकट्याने न बोलता टपरीवाल्याच्या हाती आल्याचा चहा पाठवला. ही गोष्ट नानांनी आम्हाला निदान दहा वेळा सांगितली असेल.

महामारीच्या काळात ही सुनावणी दूरदृश्य प्रणालीने झाली. नाना बंद गळ्याचा कोट घालून बैठकीच्या खोलीत बसले. नातवाने साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. न्यायाधीशांनी दोन्ही भावांना एक-दोन प्रश्न विचारले आणि दहा मिनिटांत काम आटोपले. प्रवास वाचला, खर्च वाचला, म्हाताऱ्या हाडांचे हाल वाचले. सर्वांनी समाधान व्यक्त केले. नाना मात्र म्हणाले, "धाकट्याचा चेहरा दिसला, पण तो माझ्याकडे पाहत होता की नाही, ते कळले नाही."

या एका वाक्याने आम्हाला विचारात पाडले. आपल्या भाषेत न्यायाचे शब्द डोळ्यांशी जोडलेले आहेत. समक्ष, प्रत्यक्ष, साक्षी या साऱ्यांत 'अक्ष' म्हणजे डोळा आहे. साक्षी म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा, असा अर्थ पाणिनीनेही सांगितला आहे. मग पडद्यावर दिसणारा माणूस समक्ष आहे की नाही? डोळ्यांना तो दिसतो. पण दोघांची नजर एकमेकांना भिडत नाही. न्यायाला यांपैकी किती पुरेसे आहे, हा खरा प्रश्न आहे.

सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न मुंबईतल्याच एका खटल्यातून गेला. कर्करोगाने आजारी असलेल्या एका स्त्रीच्या शस्त्रक्रियेवरून डॉक्टरांवर निष्काळजीपणाचा आरोप होता, आणि महत्त्वाचे साक्षीदार होते न्यूयॉर्कचे एक डॉक्टर. ते भारतात यायला तयार नव्हते, पण दूरदृश्य माध्यमातून साक्ष द्यायला तयार होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्यास नकार दिला. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या निकालात १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नकार रद्द ठरवला. आरोपीच्या उपस्थितीत पुरावा घ्यावा, असे कायदा म्हणतो. त्यातील उपस्थिती म्हणजे शरीराने एकाच खोलीत असणेच नव्हे, असा अर्थ न्यायालयाने लावला. आरोपी डॉक्टरांना पुढे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेच निर्दोष ठरवले. पण त्यांच्या खटल्याने उघडलेली वाट कायम राहिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये डेव्हिड हेडलीने अमेरिकेतून मुंबईच्या विशेष न्यायालयापुढे साक्ष दिली, ती याच वाटेने. भारताच्या हवाली न करण्याची अट त्याने अमेरिकेत आधीच मान्य करून घेतली होती. पडदा नसता, तर २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यामागच्या कटाविषयी त्याला आपल्या न्यायालयात प्रश्न विचारताच आले नसते.

भोपाळमध्ये राहणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. हजर न राहणे म्हणजे काय, हे या शहराने जन्मभर पाहिले आहे. वायुकांडानंतर ७ डिसेंबर १९८४ रोजी वॉरन अँडरसन येथे आले. त्यांना अटक झाली, त्याच दिवशी जामिनावर सुटका झाली आणि ते गेले ते गेलेच. १९९२ साली भोपाळच्या न्यायालयाने त्यांना फरारी घोषित केले. ७ जून २०१० रोजी निकाल लागला तेव्हा आरोपींच्या पिंजऱ्यात ते नव्हते, आणि २०१४ साली ते अमेरिकेतच निधन पावले. त्या काळी पडदा असता तर ते त्यावर तरी दिसले असते काय? आम्हाला तसे वाटत नाही. ज्याला उत्तर द्यायचेच नाही, त्याला कोणतेही यंत्र समोर आणू शकत नाही. गॅसपीडितांना अँडरसन यांचे चित्र नको होते. ज्या गावात माणसे मेली त्या गावच्या न्यायाधीशापुढे त्यांनी उभे राहावे, एवढेच त्यांचे मागणे होते. उभे राहण्यात एक कबुली असते : मी तुमच्या अधिकाराखाली आहे. ही कबुली देहानेच द्यावी लागते.

हाच विचार तुरुंगातल्या माणसापर्यंत नेला की त्याची दुसरी बाजू दिसते. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, अशी हमी आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिली आहे. हे कशासाठी? त्याच्या पाठीवरचे वळ कोणीतरी तिसऱ्याने पाहावेत यासाठी. म्हणूनच फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ साली दुरुस्ती करताना कायद्याने विवेक राखला : पोलीस कोठडीसाठी आरोपीला प्रत्यक्षच आणावे लागेल, न्यायालयीन कोठडी वाढवताना मात्र पडदा चालेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने खटले इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालवण्यास व्यापक मुभा दिली. तरी पोलीस कोठडीबाबतचा हा भेद तिनेही ठेवला आहे. तो योग्यच आहे. पण न्यायालयीन कोठडीतल्या कच्च्या कैद्यालाही पेशीचा दिवस म्हणजे वकिलाशी दोन शब्द आणि व्हरांड्यात उभ्या असलेल्या आईचे दर्शन असते. पडद्याने बंदोबस्ताचा खर्च वाचतो तेव्हा हा दिवसही वाचतो, आणि तो कोणाच्या हिशेबातून वजा झाला, हे कोणी विचारत नाही.

कौटुंबिक दाव्यांत तर न्यायालयालाच दोन मते पडली. जबलपूरला चाललेला दावा हैदराबादला हलवावा, अशी एका पत्नीची मागणी होती. त्या प्रकरणात मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य सुनावणीचा मार्ग सुचवला. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो मार्ग मोठ्या प्रमाणात बंद केला. समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरल्यावर आणि दोन्ही पक्षांची संमती असेल तरच पडदा वापरावा, असे ठरले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी मतभेद नोंदवला. दूरच्या गावी जाणे जिला शक्य नाही, त्या स्त्रीला हे साधन नाकारू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आम्हाला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. समेट समोरासमोरच होतो. आणि ज्याच्यापासून पळून यावे लागले, त्याच्यासमोर पुन्हा उभे राहण्याची सक्ती हाही अन्यायच.

कोणी म्हणेल, समक्ष खोटे बोलणारे थोडे का आहेत? शपथ घेऊन, डोळ्यांत डोळे घालून खोटे बोलणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. हे मान्य. देहाची उपस्थिती सत्याची हमी देत नाही. म्हणूनच पडदा बरा की वाईट, असा प्रश्न आम्ही विचारत नाही. अंतर कोणी मागितले, हे आम्ही विचारतो. आजारी साक्षीदाराने, घाबरलेल्या पत्नीने, सत्तरी ओलांडलेल्या वादीने ते मागितले, तर द्यावे. पण सत्तेने आपल्या सोयीसाठी कैद्यावर ते लादले, किंवा बलवानाने उत्तरदायित्व टाळण्यासाठी मागितले, तर नाकारावे. जो येऊ शकत नाही त्याला पडद्याने आत घ्यावे. जो येऊ इच्छितो त्याला पडद्याने बाहेर ठेवू नये.

नानांचा दावा पुढे निकाली निघाला आणि त्यांना त्यांचा हिस्सा मिळाला. तो निकालही त्यांनी घरबसल्याच ऐकला. निकालानंतर काही दिवसांनी त्यांनी नातवाला रात्रीच्या गाडीचे तिकीट काढायला सांगितले. कोणती पेशी आहे म्हणून नातवाने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पेशी नाही. धाकट्याकडे जाऊन येतो."

तो प्रवास आता कोणत्याही न्यायालयाने सांगितलेला नव्हता. नाना निघाले तेव्हा आम्ही त्यांना फाटकापर्यंत पोहोचवून आलो.