उमेदवाराचे आडनाव आणि आपली साक्ष

सूरह अल्-बकराच्या 246 व 247 क्रमांकांच्या आयतींत बनी इस्राईलच्या सरदारांचा एक प्रसंग आला आहे. माननीय मूसा (अ.) यांच्या नंतरचा तो काळ. शत्रूने या लोकांना घरादारातून हुसकावले होते, मुलाबाळांची ताटातूट केली होती. आम्हाला एक राजा नेमून द्या, म्हणजे आम्ही अल्लाहच्या मार्गात लढू, अशी विनवणी त्यांनी आपल्या प्रेषितांकडे केली. अल्लाहने तालूत यांची निवड केली आहे, असे प्रेषितांनी सांगितले मात्र, सरदारांचा सूर पालटला. आमच्यावर राज्य करण्याचा अधिकार याला कसा मिळाला, त्याच्याहून अधिक हक्कदार तर आम्हीच आहोत, आणि त्याच्यापाशी धनदौलतही नाही, असा त्यांचा आक्षेप होता. कुरआनचे भाष्यकार खुलासा करतात की तालूत बिनयामीनच्या वंशातील होते. राजपद यहूदाच्या घराण्याकडे आणि प्रेषितत्व लावीच्या घराण्याकडे असते, अशी त्या लोकांची ठाम समजूत होती. उत्तरादाखल त्यांना केवळ दोन गोष्टी सांगण्यात आल्या. अल्लाहने तालूत यांना ज्ञान अधिक दिले आहे आणि शरीरबलही अधिक दिले आहे. युद्धाच्या प्रसंगी नेत्याकडे नेमके हेच हवे होते.

वाचक बंधू-भगिनींनो, या सरदारांनी काय विचारले नाही, तेही पाहा. त्या माणसाला लढाई येते का, तो शब्दाचा पक्का आहे का, त्याने कोणाचा हक्क मारला आहे का, यांपैकी एकही प्रश्न त्यांच्या तोंडी नाही. संकटात सापडलेला, मदतीसाठी आक्रोश करणारा समाजसुद्धा नेता निवडताना आधी वंश विचारतो.

आपली पिंपरी-चिंचवड नगरी तर बाहेरून आलेल्यांच्याच घामावर उभी आहे. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, टेल्को आणि बजाज आले आणि नंतर हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. लातूर, बीड, धाराशिव, नांदेड येथून, तसेच उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातून माणसे आली. 2011 च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या सव्वासतरा लाखांच्या पुढे गेली होती. तरीही निवडणूक आली की गाववाला आणि बाहेरचा ही जुनी वजने पुन्हा तराजूत पडतात. ज्यांच्या शेतावर कारखाने उभे राहिले, त्या मूळ गावकऱ्यांची व्यथा खोटी नाही, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. परंतु जमीन गेली म्हणून कोणी आपोआप कार्यक्षम नगरसेवक ठरत नाही आणि लातूरहून आला म्हणून कोणी अपात्रही ठरत नाही.

आता आपल्या घरात डोकावू या. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर उमेदवाराची चर्चा निघाली की पहिला प्रश्न कोणता असतो? बागवान की कुरेशी? तांबोळी आहे की शिकलगार? आपला दख्खनी आहे, की यूपीवाला? ज्या भावाच्या खांद्याला खांदा लावून आताच सफ भरली, त्याच्याच वस्तीतल्या उमेदवाराला चपला घालता घालता ‘भैया’ म्हणून मोडीत काढले जाते. सय्यद आणि पठाण म्हणवणाऱ्या काही घरांत तर पिंजारी किंवा मुलाणी उमेदवाराचे नाव ऐकून नुसते हसू उमटते. त्या हसण्यातच त्याचा निकाल लागलेला असतो. मुस्लिम व्यवसायगटांना इतर मागासवर्गीयांच्या सवलती मिळाव्यात म्हणून महाराष्ट्रात जी चळवळ उभी राहिली, ती याच उच्चनीचतेतून आलेले मागासलेपण दूर करण्यासाठी होती. बिरादरीचा दाखला शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठी आहे. मतदान केंद्रात तो काढून पाहण्याचे काही कारण नाही.

हा रोग सहसा उघड बोलत नाही. 1982 मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात गव्हर्नरपदासाठी टॉम ब्रॅडली हे कृष्णवर्णीय उमेदवार उभे होते. जनमत चाचण्यांत ते पुढे होते, प्रत्यक्षात हरले. विचारणाऱ्यासमोर एक सांगायचे आणि पडद्याआड दुसरेच करायचे, असे काही गोऱ्या मतदारांनी केले असावे, अशी चर्चा तेव्हापासून चालत आली आहे. आपल्याकडे चहाच्या टपरीवर सर्वजण पाणी, रस्ते आणि कचऱ्यावर बोलतात. बोट मात्र आडनावावर जाते. लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवारांना आपली मालमत्ता, शिक्षण व गुन्हेगारी खटले 2003 पासून शपथपत्रात द्यावे लागतात. ते शपथपत्र आपण वाचतो तरी कसे? आपल्या माणसावर खटला असेल तर तो राजकीय सूड, दुसऱ्याच्या माणसावर असेल तर ती त्यांची जातच तशी. एकाच कागदाला दोन मापे! सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये घेताना पुरेपूर आणि देताना कमी मापणाऱ्यांना जो इशारा आहे, तो केवळ धान्याच्या व्यापाऱ्यापुरता समजू नये.

मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी मताला साक्ष, शिफारस आणि वकालत अशा तीन अर्थांनी समजावून सांगितले आहे. हा माणूस या कामास योग्य आहे, अशी साक्ष मतदार देत असतो. साक्ष म्हटली की सूरह अन्-निसाची 135 वी आयत लागू होते. ती श्रद्धावंतांना स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध, नातलगांविरुद्धही खरीच साक्ष देण्यास बजावते. बिरादरी तर या सर्वांनंतर येते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या अखेरच्या आजारपणात रोमकांविरुद्ध निघणाऱ्या सैन्याचे नेतृत्व उसामा बिन जैद (र.) यांच्याकडे सोपवले. त्यांचे वय अठराच्या आसपास होते. वडील जैद (र.) मुक्त केलेले गुलाम, आई उम्मे ऐमन (र.) हबशी. काहींनी नापसंती दर्शवली. सहीह बुखारीत नमूद आहे की प्रेषितांनी (स.) त्यांना याआधी त्याच्या वडिलांच्या नेतृत्वावर घेतलेल्या आक्षेपाची आठवण करून दिली आणि दोघेही त्या पदास पात्र असल्याचे शपथेवर सांगितले. या उत्तरात एक सूक्ष्म गोष्ट आहे. आक्षेप केवळ कोवळ्या वयाचा असता, तर प्रौढ जैद (र.) यांच्यावर तो का यावा? लोकांच्या ओठांवर वय असेल, पण प्रेषितांनी (स.) बोट खोलवरच्या जखमेवर ठेवले.

याच तराजूची दुसरी बाजूही पाहावी. अबू जर (र.) यांच्यासारख्या थोर, ईशभीरू साथीदाराने पद मागितले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना प्रेमाने सांगितले की तुम्ही या कामास दुर्बल आहात आणि हे पद म्हणजे अमानत आहे. तेव्हा दाढी, टोपी, हाजी ही उपाधी किंवा इफ्तारीची मोठी पंगत, यांनीही पात्रता सिद्ध होत नाही. सूरह अल्-कससमध्ये (आयत 26) कामावर ठेवण्याच्या माणसाचे दोनच गुण सांगितले आहेत, बळकट आणि विश्वासू. त्यात तिसरा कुठला रकाना नाही.

येथे आपले तरुण एक प्रश्न विचारतात, आणि तो रास्त आहे. महाराष्ट्रात मुस्लिम सुमारे साडेअकरा टक्के आहेत. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत राज्यात 48 जागा होत्या. ज्या महाविकास आघाडीला आपल्या समाजाने भरभरून मते दिली, तिने एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. आमचे नाव पाहून दार बंद होत असेल, तर आम्हीच नाव का पाहू नये? वेदना खरी आहे. कोणी जुन्या लोकांना विचारले तर ते बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचे नाव घेतील. बहुसंख्य हिंदू मतदार असलेल्या कुलाबा-रायगडच्या पट्ट्याने त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले आणि 1980 मध्ये ते राज्याचे मुख्यमंत्री झाले. म्हणजे नावापलीकडे पाहणारा मतदार याच मातीत होता. पण तो नसता तरीही, एखाद्या समाजाचे वैर तुम्हाला अन्यायास प्रवृत्त न करो, ही सूरह अल्-माइदाची (आयत 8) आज्ञा समोरच्याच्या वर्तनावर अवलंबून ठेवलेली नाही. पक्षांकडे उमेदवारीत न्याय्य वाटा ठामपणे मागावा, तो आपला हक्क आहे. मात्र आपल्या नावाचा अपात्र माणूस आणि दुसऱ्या नावाचा प्रामाणिक माणूस समोर असताना साक्ष कोणाची द्यायची, हा प्रश्न वेगळा आहे. आपल्या लोकांवर प्रेम करणे ही असबियत नव्हे, अन्यायात त्यांना साथ देणे ही असबियत, असा खुलासा हदीसमध्ये आहेच. देशाच्या कायद्यातही लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम 123(3) धर्म, वंश, जात, समाज आणि भाषेच्या नावाने मत मागण्यास भ्रष्ट आचरण ठरवते. त्याची व्याप्ती मतदाराच्या धर्म-जातीपर्यंतही जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2017 रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाच्या बहुमताने स्पष्ट केले. पण उमेदवाराने मागितले नाही, आणि आपणच मनात जात मोजून मत दिले, तर ते पकडणारे न्यायालय या जगात नाही.

2017 च्या महापालिका निवडणुकीत आपल्या नगरीत एका प्रभागातून चार सदस्य निवडले गेले. एका मतदाराने चार मते दिली, म्हणजे चार साक्षी. मतदानाच्या आदल्या रात्री घरातल्या सर्वांनी, स्त्रियांनीही, बसून प्रत्येक उमेदवाराचे केवळ काम बोलावे. तो फोन उचलतो का, ड्रेनेज तुंबले तेव्हा कोण आले, भाडेकरूच्या मुलाच्या शाळाप्रवेशासाठी कोण धावले. नाव आणि आडनाव सर्वांत शेवटी घ्यावे. कितीदा आपण स्वतःच चकित होऊ!

माननीय उमर (र.) यांच्यावरही अशी चकित होण्याची वेळ आली होती. मक्केचे प्रशासक नाफे बिन अब्दुल हारिस (र.) त्यांना उस्फान येथे भेटले. मागे मक्केत कोणाला नेमून आलात, या प्रश्नावर त्यांनी इब्ने अब्जा यांचे नाव घेतले. कोण हे इब्ने अब्जा? आमच्या मुक्त गुलामांपैकी एक. कुरैशांच्या मक्केवर मुक्त गुलाम नेमलात? नाफे (र.) यांनी सांगितले की ते अल्लाहच्या ग्रंथाचे पठण करणारे आहेत आणि वारसाहक्काच्या वाटण्यांचे जाणकार आहेत. माननीय उमर (र.) यांनी नेमणूक रद्द केली नाही. या ग्रंथाद्वारे अल्लाह काहींना उंचावतो आणि काहींना खाली आणतो, हे प्रेषितांचे (स.) सांगणे त्यांनी तिथेच उद्धृत केले.