प्रस्थान

आमच्या आजोळी लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस प्रत्यक्ष निघण्याच्या चार दिवस आधीच निघालेला असे. रविवारी पश्चिमेला दिशाशूल, आणि मामांना तर मुंबईला रविवारीच जाणे भाग, असा पेच पडला, की बुधवारी चांगली वेळ पाहून आजी एका धुतलेल्या उपरण्यात मूठभर तांदूळ, एक सुपारी, एक हळकुंड आणि एक रुपया बांधी. मामा ते गाठोडे देवापुढून उचलीत, उंबरा ओलांडून शेजारच्या काकूंच्या घरी नेत आणि त्यांच्या देवघराच्या कोनाड्यात ठेवून परत येत. याला ‘प्रस्थान ठेवणे’ म्हणत. त्यानंतरचे चार दिवस मामा घरातच जेवत, घरातच निजत, मळ्यावर चक्करही टाकून येत. परंतु घरातल्या सर्वांच्या लेखी ते गेलेले असत, आणि त्यांना वाढताना आजीचा आवाज किंचित खाली येई. लहानपणी मला हा काळाशी केलेला एक करार वाटे. पुढे निरनिराळ्या देशांतल्या प्रवासरीती वाचताना ध्यानात आले, की आजीचे ते गाठोडे मनुष्यजातीच्या एका फार जुन्या आणि फार विस्तृत व्यवहाराचा अंश होते.

निघणाऱ्याने ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे. त्याला ‘कुठे’ असे विचारू नये. त्याच्या तळहातावर दही घालावे. या रीती मराठी वाचकाला सांगावयास नकोत. प्रस्थानाची रीत मात्र मागे पडत चालली आहे, आणि तिच्या मुळाशी केवढा बारकाईचा विचार होता हेही विस्मरणात गेले आहे. राम दैवज्ञाने इ. स. १६०० मध्ये काशीत रचलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’ या ग्रंथाच्या यात्राप्रकरणात हा विषय एखाद्या सरकारी कायद्याच्या कलमांसारखा मांडलेला आहे. कामामुळे जाण्यास विलंब होणार असेल तर ब्राह्मणाने यज्ञोपवीत, क्षत्रियाने शस्त्र, वैश्याने मध आणि शूद्राने आवळ्याचे फळ पुढे पाठवावे. प्रस्थान घरापासून पाचशे धनुष्यांवर असावे, काहींच्या मते दोनशे, काहींच्या मते दहाच धनुष्ये पुरेत. आणि प्रस्थान केल्यावर राजाने एका जागी दहा दिवसांहून, सामंताने सात रात्रींहून व इतरांनी पाच रात्रींहून अधिक थांबू नये. धनुष्य म्हणजे चार हात. तेव्हा दहा धनुष्ये म्हणजे चाळीस हात, अर्थात आमच्या आजीचे शेजारघर. वर्णावर्णांतला भेद ग्रंथकाराने आपल्या काळाला अनुसरून नोंदला आहे, आणि तो आज कोणास मान्य व्हावा असा नाही. परंतु त्याच श्लोकाच्या अखेरीस त्याने एक पर्याय सर्वांसाठी खुला ठेवला आहे, आणि मला वाटते त्या संबंध प्रकरणाचे मर्म त्या एका पर्यायात आहे: ज्याला जे मनापासून प्रिय असेल, ते त्याने पुढे पाठवावे.

हीच रीत महाराष्ट्र दरवर्षी लाखो डोळ्यांनी पाहतो, पण तिचे नाव उच्चारताना तिचा अर्थ मनात येतोच असे नाही. देहूहून तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला आणि आळंदीहून ज्ञानोबांची अष्टमीला निघते, तेव्हा त्या सोहळ्याला ‘प्रस्थान’च म्हणतात, आणि प्रस्थान झाल्यावर पालखी जाते कोठे, तर तुकोबांची देहूतच इनामदार वाड्यात आणि माउलींची आळंदीतच आजोळघरी. पंढरीची वाट दुसऱ्या दिवशी सुरू होते. मंदिर सोडलेले आहे, पण गाव अजून सुटलेले नाही, अशी ती एक रात्र असते. त्या रात्रीची ‘आजोळघर’ ही जागा ज्याच्या मनात प्रथम आली असेल, त्याला घर सोडणे म्हणजे काय हे पुरते उमगलेले असले पाहिजे, कारण स्वतःच्या घराबाहेर पहिली रात्र काढण्यास आजोळाहून अधिक सुसह्य अशी जागा माणसाला मिळत नाही.

इराणातील काफिल्यांची पहिली मजलही अशीच आखूड असे. शहराच्या वेशीबाहेर थोड्या अंतरावर जाऊन उंट-खेचरे सोडावयाची आणि तेथेच मुक्काम करावयाचा, या रिवाजाला फारशीत ‘नक्ल-ए-मकान’, म्हणजे केवळ जागा बदलणे, असे नाव आहे. ज्या शब्दातून आपली ‘नक्कल’ आली, तोच हा शब्द, स्थलांतराच्या मूळ अर्थाने. आणि जिचा इराणाशी किंवा आपल्या पंचांगाशी काडीचाही संबंध नव्हता, अशा १६७० साली सनद मिळालेल्या हडसन बे कंपनीची केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी निघणारी पथकेही उत्तर अमेरिकेच्या अरण्यात शिरण्यापूर्वी पहिली रात्र ठाण्यापासून जवळच काढीत. व्यवहारी कारण उघड आहे: कुऱ्हाड विसरली, मिठाची पिशवी राहिली, एखाद्या जनावराचा नाल निखळला, तर पहिल्या रात्री परत जाऊन आणता येते, दहाव्या रात्री येत नाही. परस्परांना सर्वस्वी अपरिचित असलेल्या लोकांनी एकच युक्ती शोधून काढावी, यात मला माणसाच्या बुद्धीविषयी मोठे आश्वासन वाटते. तथापि एवढ्याने उलगडा होतो असे मात्र मला वाटत नाही; कारण मिठाची पिशवी ही विसरण्याजोग्या वस्तूंपैकी सर्वांत लहान वस्तू होय.

हे ज्या पुस्तकाने मला शिकवले ते एका जपानी स्त्रीने अकराव्या शतकात लिहिलेले आहे. ‘साराशिना निक्की’ या आत्मनिवेदनाच्या लेखिकेचे नाव इतिहासाने जतन केले नाही. सुगावारा नो ताकासुए याची कन्या, एवढीच तिची ओळख उरली आहे. पिता काझुसा या दूरच्या पूर्व प्रांतात अधिकारी होता, आणि तेथे वाढलेल्या या मुलीला थोरल्या बहिणीच्या व सावत्र आईच्या तोंडून गेंजी राजपुत्राच्या कथेतले तुकडे ऐकून त्या कथा स्वतः वाचण्याचा असा ध्यास लागला, की तिने आपल्याएवढ्या उंचीची भैषज्यगुरु बुद्धाची मूर्ती करवून घेतली आणि कोणी पाहत नसताना तिच्यापुढे डोके टेकून ती प्रार्थना करी: मला लवकर राजधानीला ने, आणि तेथे असतील तेवढ्या कथा वाचू दे. इ. स. १०२० मध्ये, ती तेरा वर्षांची असताना, पित्याची मुदत संपली आणि निघण्याची वेळ आली. नवव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी कुटुंबाने ‘काडोदे’ केले. काडोदे म्हणजे दारातून बाहेर पडणे, शब्दशः आपले प्रस्थान. घरातले सामान विसकटून उचलले गेले होते, सूर्य मावळतीला टेकला होता, धुके दाटले होते. आणि गाडीत बसताना तिने मागे वळून पाहिले तो ज्याच्यापुढे आपण चोरून डोके टेकीत होतो तो बुद्ध तिथेच उभा. त्याला एकटे टाकून जाताना तिला रडू आवरेना. नंतर ते सगळे इमाताची नावाच्या एका जागी, कुंपण नसलेल्या गवताच्या झोपडीत, पडदे लावून राहिले. पुढच्या वाटेला लागले ते पंधराव्या दिवशी. राजधानी गाठावयास तीन महिने लागले.

त्या बारा दिवसांचा तिने फार विस्तार केलेला नाही. दक्षिणेकडे दूरवर माळ दिसे, पूर्वेला आणि पश्चिमेला समुद्र जवळ होता, संध्याकाळी धुके येई, आणि ही जागा सोडून जावे लागणार याचेही तिला वाईट वाटू लागले, एवढेच. पण एवढ्यातच सर्व आले. जुने घर सुटले होते व नवे यावयाचे होते, आणि या दोहोंच्या मधल्या उघड्या झोपडीत मनाला आपली गती गाठावयास अवधी मिळाला. शरीर गाडीत बसले की निघते. मन मात्र पायी येते, आणि त्याला पहिली मजल आखूडच लागते. आमच्या राम दैवज्ञाने प्रिय वस्तू पुढे पाठवावी असे सांगितले. त्या मुलीची प्रिय वस्तू मागे राहिली. वयाची पन्नाशी उलटल्यावर तिने हे लिहिले, तेव्हाही ती मूर्ती तिला तशीच धुक्यात उभी दिसत होती.

जपानी भाषेत निरोपाच्या भेटीला ‘हानामुके’ असा शब्द आहे, आणि त्याचे मूळ रूप ‘उमा नो हानामुके’, म्हणजे घोड्याचे नाक ज्या दिशेला जावयाचे त्या दिशेला वळवणे, असे आहे. या शब्दात निरोप देणाऱ्याची संपूर्ण मर्यादा आणि संपूर्ण अधिकार सामावला आहे असे मला वाटते: घोडा माझा नाही, वाट माझी नाही, पण त्याचे तोंड वाटेकडे वळवणारा हात माझा आहे. रशियात हेच मौनाने करतात. निघण्यापूर्वी जाणारे आणि राहणारे क्षणभर एकत्र बसतात, कोणी बोलत नाही, मग सगळे एकदम उठतात. टॉल्स्टॉयच्या १८५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बालपण’ या पहिल्याच पुस्तकात मुले आईला सोडून मॉस्कोला निघतात तेव्हा असेच बसणे आहे. म्हातारा नोकर फोका दार लोटून दाराशी बसतो, आणि वृद्ध नताल्या साविश्ना आत येऊन त्याच्याच खुर्चीच्या कडेला अंग चोरून टेकते. धनी आणि चाकर यांच्यातले अंतर त्या घरात एरवी किती असेल, हे सांगावयास नको. जाण्याच्या त्या एका मिनिटात ते बाजूला ठेवले जाते.

याच्या अगदी उलट रीत जर्मनीतील फिरस्त्या सुतार-गवंडी कारागिरांची. उमेदवारी संपवून निघालेला तरुण तीन वर्षे आणि एक दिवस आपल्या गावाच्या ५० किलोमीटरांच्या आत पाऊल ठेवीत नाही. गावाच्या नावाच्या पाटीवर चढून तो पलीकडे उतरतो, तिथे सोबती त्याला झेलतात, आणि त्याने मागे वळून पाहावयाचे नसते. ही कठोर रीत मला आदरणीय वाटते, परंतु येथेही निरोप देणारे पाटीपर्यंत येतातच. एकट्याने कोणी निघत नाही.

आणि माणूस दृष्टीआड झाल्यावर? तुर्की घरांत गाडीमागे तांब्याभर पाणी ओततात आणि म्हणतात, पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये. इराणात प्रवासी गेल्यावर दोन-तीन दिवसांनी ‘आश-ए-पुश्त-ए-पा’, म्हणजे पावलामागची ‘आश’ (दाट सूप), शिजवून शेजाऱ्यांत वाटतात. जपानात दूर गेलेल्या माणसाचे ताट रोज घरी वाढण्याची रीत होती, त्याला ‘कागेझेन’ म्हणत. तो जिथे असेल तिथे उपाशी राहू नये म्हणून. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमले, की तो सुखरूप आहे असे आई समजे. गेल्या महायुद्धात कितीतरी जपानी आयांनी आपल्या मुलांची अशी ताटे वाढली. हे थेंब काही सांगत नाहीत हे मला कळते. पण प्रवास हा केवळ जाणाऱ्याचा असतो असे समजणे मला त्याहून मोठे अज्ञान वाटते. यातील एकही रीत वाटेवरच्या संकटाचे वस्तुतः निवारण करीत नाही. प्रत्येक रीत मागे राहणाऱ्याला त्या प्रवासातला त्याचा हिस्सा तेवढा मोजून देते.

आता विमानतळाच्या दारावर तिकीट आणि ओळखपत्र पाहून प्रवाशाला आत घेतात, आणि बाकीचे बाहेर काचेशी उभे राहतात. आत गेलेला माणूस रांगेतून वळून हात हलवतो, बाहेरचे हात हलवतात, मग तो दिसेनासा होतो. आणि तरीही ती माणसे बराच वेळ तिथून हलत नाहीत. त्यांना पाहिले की मला शेजारच्या काकूंचा तो कोनाडा आठवतो. रविवारी पहाटे मामा तेथूनच गाठोडे उचलून परस्पर मोटारीला जात. आजी आमच्या दारात उभी असे, पण तिचे रडणे बुधवारीच होऊन गेलेले असे. गाठोड्यातून सांडलेले चार-दोन तांदूळ कोनाड्यात तसेच राहात, आणि मुंबईहून खुशालीचे कार्ड येईपर्यंत काकू तेवढा कोनाडा झाडीत नसत.