पासोडी आणि सीलबंद भयकथा

घाटनांदूरजवळच्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. या संतकवीने सुमारे 40 फूट लांब कापडावर पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांपासून देह कसा घडतो याचा, विचार लिहून काढला. देहाची नश्वरता समजावणारं ते कापड लोकांनी मात्र शतकानुशतकं जिवापाड जपलं!

जुन्या भयकथांच्या कॉमिक्सपाशीही जपणुकीचा असाच पेच पडतो. 1954च्या अमेरिकी कॉमिक्स कोडने अंकाच्या नावात ‘हॉरर’ शब्द वापरायला बंदी घातली. त्याआधीच्या अंकांना आज मोठा भाव येतो. घडी, डाग, गंजलेली पिन पाहून परीक्षक अंकाला 10 पैकी गुण देतात, मग तो प्लास्टिकमध्ये सीलबंद होतो. सील तोडलं, की ते गुण गेले; म्हणून अंक वाचलाच जात नाही.

जपणूक कुठे संपते आणि हाव कुठे सुरू होते, हा अपरिग्रहाचा, म्हणजे गरजेपलीकडे न साठवण्याच्या तत्त्वाचा, खरा प्रश्न. पासोडी उलगडली की वाचता येते. सीलबंद अंकाची निदान छायाप्रत तरी संग्राहकाने वाचकांसाठी खुली ठेवायला हवी.