हातांचे शिक्षण कुणासाठी?

दहावीचा निकाल लागला की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येते, 'टक्के कमी पडले तर आयटीआय आहेच.' आजच्या पालकांनी हे ठरवलेले नाही. ही वाटणी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीची आहे.

१८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेसाठी मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही मागितले होते. प्रात्यक्षिकांसाठी शाळेला जोडून छोटे नमुना शेत असावे, असेही सुचवले होते. म्हणजे पाटी आणि नांगर एकाच शाळेत. आयोगाने मात्र माध्यमिक शिक्षणाच्या वरच्या टप्प्यावर दोन शाखा सुचवल्या. एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे नेणारी, दुसरी व्यापार-व्यवहाराची. नोकरी आणि प्रतिष्ठा पहिलीकडे होती, त्यामुळे दुसरीकडे कोण जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ही फाळणी मोडण्याचा सर्वांत धीट प्रयत्न १९३७ मध्ये वर्ध्याला झाला. गांधीजींच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम मांडला. गणित, भूगोल, इतिहास हे सारे टकळीच्या आणि मागाच्या ओघात यावे, अशी कल्पना होती. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेवर टीका झाली आणि ती रास्तही होती. पण उद्योग गरिबाच्या मुलापुरता नाही, सर्वांसाठी आहे, हा या योजनेचा गाभा मोलाचा होता. पुढे तोच हरवला आणि अनेक शाळांत मूलोद्योग हा वेळापत्रकातला एक तास होऊन बसला.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुन्हा दोन्ही गोष्टी सांगितल्या. कार्यानुभव सर्वांना द्यावा आणि उच्च माध्यमिक स्तरावरचे निम्मे विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळावेत. त्यातला कार्यानुभव कागदी फुले आणि खडू करण्यात संपला. व्यवसाय शिक्षणाची वाट झाली, पण ती मागे राहिलेल्यांची.

त्या वाटेवर नेमके काय शिकवतात, हे ठरवणाऱ्यांनी क्वचितच पाहिलेले असते. आयटीआयमधला फिटरचा विद्यार्थी सुरुवातीला लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून कानशीने घासतो. मग त्याला गुण्या लावून उजेडाकडे धरतो. फटीतून उजेड झिरपला की पुन्हा घासायचे. हात थोडा तिरका गेला तरी कड गोलावते. इथे अंदाजे उत्तर चालत नाही आणि चूक लपवता येत नाही. भूमितीचा काटकोन इतका काटेकोरपणे दुसऱ्या कुठल्या वर्गात शिकवला जातो?

आता आयटीआयवरून पदविकेच्या आणि पदविकेवरून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. सोय चांगलीच आहे. पण या शिडीवर ये-जा एकाच दिशेने होते. हाताकडून पुस्तकाकडे जाणाऱ्याचे कौतुक होते. पुस्तकातल्या मुलाने हाताकडे यावे, असे कुणी सुचवत नाही. परिणामी, कारागिराचे यश म्हणजे कारागिरी सोडणे, असा अर्थ रूढ होतो.

दुसरी रीत शक्य आहे, हे पुणे जिल्ह्यातल्या पाबळने दाखवले. १९८३ मध्ये डॉ. एस. एस. कलबाग यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून आठवी ते दहावीच्या नेहमीच्याच शाळेत आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा, शेती आणि आरोग्याच्या कामांना मिळाला. त्यासाठी मुलांची हुशार आणि ढ अशी विभागणी करावी लागली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. ते दहा दिवस सहलीत जातात की कामात, हे शाळांइतकेच पालकांवरही अवलंबून आहे.

टक्के कमी पडलेल्यांना कानस देण्याचे धोरण आपण पुरेसे राबवून पाहिले. आता ती नव्वद टक्केवाल्यांच्या हातीही द्या. त्यांनाही ती लागेलच, आणि कानशीची किंमतही तेव्हाच सगळ्यांना कळेल.